नक्षी चिखलाची, रस्ता डांबराचा

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालताना आपण बॉनेटची पूजा करतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. पण त्या चाकावर चढवलेल्या रबराकडे वाकून पाहणारा एखादाच असतो. चारही चाके ओढणारी जीप किंवा तिच्या जातीची नवी गाडी आता शेतकऱ्याच्या अंगणात नवलाची राहिलेली नाही. गाडी घेताना दहा ठिकाणी चौकशी होते. टायर बदलायची वेळ आली की मात्र दुकानदार सांगेल तो टायर, नाहीतर मुलाने कुठेतरी पाहिलेला ‘बटन’ टायर. वाचकहो, आज याच बाबतीत थोडे बोलू. भगिनींनीही पान उलटू नये, कारण विळदच्या घाटात ब्रेक दाबला जातो तेव्हा मागच्या सीटवर बहुधा तुम्ही आणि मुलेच असता.

नागापूरच्या एका घरातली ही गोष्ट. औद्योगिक वसाहतीच्या पलीकडे त्यांची जमीन आहे. गाडीचे टायर गोटे झाले होते. थोरल्या चिरंजीवांचे म्हणणे, मोठ्या खाचांचे, रुंद, चिखलाचे टायर टाकू. पावसाळ्यात वस्तीवर गाडी अडकते. वडिलांचे म्हणणे, जे होते तेच आणा. वाद आठवडाभर चालला. शेवटी घरच्या सूनबाईंनी साधा प्रश्न केला : गाडी रोज जाते कुठे? मग हिशेब निघाला. कांदा घेऊन नेप्तीला जायचे ते डांबराने. मुलीला नगरला कॉलेजात सोडायचे ते डांबराने. राहुरीला कृषी विद्यापीठात, शिर्डीला, पाथर्डीच्या पाहुण्यांकडे करंजी घाटातून, सगळे डांबर नाहीतर सिमेंट. काळ्या रानातली वाट काय ती शेवटची अर्धा मैल, आणि तीही वर्षातले दोन-तीन महिनेच चिखलाची. नगर तालुका पर्जन्यछायेतला. इथला पावसाळा म्हणजे काही अकोल्याच्या घाटघर-रतनवाडीचा पावसाळा नव्हे.

आता नक्षीचे शास्त्र पाहू. ते शेतकऱ्याला वेगळे शिकवायला नकोच. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला उंच, तिरके खूर असतात, ते माती पकडून ओढण्यासाठी. पुढच्या टायरला सरळ धाव्या असतात, त्या वळण धरण्यासाठी. तोच ट्रॅक्टर उसाच्या ट्रॉल्या घेऊन हंगामभर कारखान्याच्या रस्त्याने पळाला की मागचे खूर कसे झिजतात, हे तुम्ही पाहिले आहे. गाडीच्या टायरचेही तसेच आहे. रस्त्याच्या टायरला एच.टी. म्हणतात : नक्षी दाट, मध्ये पाणी वाहून जायला लांब खाचा आणि रबरात सुरीने चिरल्यासारख्या बारीक चिरा. चिखलाच्या टायरला एम.टी. म्हणतात : सुटेसुटे मोठे ठोकळे आणि रुंद खाचा, म्हणजे चाक फिरता फिरता चिखल झटकला जावा. दोहोंच्या मधला तो ए.टी.

चिखलाचा टायर वाईट नाही. पण त्याचे ठोकळे दूरदूर असल्याने डांबराला टेकणारे रबर कमी. ओल्या डांबरावर ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला त्याला जास्त अंतर लागते, वळणावर ठोकळे लवतात, आवाज घुमतो, डिझेल जास्त जाते आणि टायर लवकर झिजतो. पहिल्या पावसात रस्त्यावर तेल, धूळ आणि पाणी यांचा जो लेप बसतो, त्यावर तर बारीक चिरांचा टायरच उपयोगी. आणि इथे एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. चारही चाके ओढतात म्हणून गाडी लवकर थांबत नाही. ब्रेक तर दोन चाके ओढणाऱ्या गाडीलाही चारच चाकांना असतात. फोर व्हील निघायला मदत करते, थांबायला नाही.

जुन्या मंडळींना दुसऱ्या महायुद्धातली जीप आठवेल, निदान ऐकून तरी. विलीज आणि फोर्डने बांधलेल्या त्या जीपला सहा इंच रुंदीचा, सोळा इंची रिमचा अरुंद टायर असे. त्याची नक्षी आडव्या पट्ट्यांची, पुढे जाताना आणि मागे येताना सारखीच पकड देणारी. पुढे महिंद्रांनी आपल्याकडे जीप बांधायला घेतली आणि खेड्यापाड्यांत तीच जीप नांदली. तेव्हा रस्तेच नव्हते, वेगही नव्हता, म्हणून ते चालले. आज आपल्याच जिल्ह्यात कोपरगावाजवळून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा भाग डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला, मुंबईच्या बाजूचा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये. हलक्या वाहनांना तिथे ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे. सिमेंटचा तापलेला रस्ता, न थांबता पळणारी गाडी आणि झिजलेला टायर. तिथल्या अपघातांत टायर फुटण्याचे कारण पुन्हापुन्हा पुढे आले ते उगाच नाही.

टायर फुटतो तो उन्हाने, असे आपण म्हणतो. खरे म्हणजे तो बहुतेक वेळा कमी हवेने फुटतो. हवा कमी असली की टायरची बाजू दर फेऱ्याला दबते आणि सुटते. तार वाकवत राहिले की ती गरम होऊन तुटते, तसेच हे. म्हणून ‘उन्हाळा आहे, चार पौंड कमी ठेवा’ हा पंक्चरवाल्याचा सल्ला ऐकू नका. किती पौंड हवा ते बहुधा चालकाच्या दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेले असते, आणि ते थंड टायरचे असते. सकाळी घरून निघताना मोजा. धावून आल्यावर चार-पाच पौंड वाढलेले दिसले म्हणून सोडू नका.

टायरच्या अंगावर जे लिहिलेले असते ते सातबारासारखे नीट वाचावे. समजा 215/75 आर 15, 100 एस असे आहे. रुंदी 215 मिलिमीटर. बाजूची उंची रुंदीच्या शेकडा 75. रिम 15 इंची. 100 म्हणजे एका टायरने 800 किलो पेलायचे. एस म्हणजे ताशी 180 किलोमीटरपर्यंत. या टायरचा व्यास सुमारे 70 सेंटिमीटर. त्याच रिमवर 235/75 चढवला तर व्यास 73 सेंटिमीटरच्या वर जातो. तीन सेंटिमीटरने काय होते? काटा 80 दाखवतो तेव्हा गाडी साधारण 83 ने पळते, गिअर जड होतो, वळणावर टायर आत घासू शकतो. भाराचा आकडा मूळपेक्षा कमी असलेला टायर तर कुणी फुकट दिला तरी घेऊ नये. कांद्याच्या गोण्या आकडा वाचून बसत नाहीत. तिथेच एका लंबगोलात चार आकडे असतात. 2324 असेल तर तो टायर 2024 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. दुकानात तीन वर्षे पडून राहिलेला माल ‘नवा’ म्हणून घेण्यापूर्वी हे पाहावे. आणि नक्षी शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांनंतर बाजूला भेगा पडल्यात का ते जाणकाराला दाखवावे.

झीज किती चालते? कायद्याने चारचाकीला नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. माझे विचाराल तर मृगाच्या आधी तीन मिलिमीटरच्या आत आलेले टायर बदलून टाकावेत. दोन-तीन हजार किलोमीटर आणखी पळवून वाचलेला पैसा दवाखान्याच्या एका दिवसाला पुरत नाही.

फोर व्हीलवाल्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची, आणि दुकानदार ती क्वचितच सांगतो. चारही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे आणि जवळजवळ सारख्या झिजेचे हवेत. लिव्हर टाकून चारही चाके जोडायच्या गाडीत पुढची-मागची चाके दांड्याने एकमेकांना बांधली जातात. मागे नवा आणि पुढे गोटा टायर असला तर दोघांचे फेरे जुळत नाहीत, आणि तो ताण गिअरच्या दातांवर येतो. एक बैल लांब पावलाचा आणि दुसरा आखूड असला की जू कसे पिळते, तसे. याच कारणाने कोरड्या डांबरावर लिव्हर टाकून पळू नये. दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायरांची अदलाबदल करावी आणि त्यात स्टेपनीही घ्यावी. नाहीतर पाचवा टायर तसाच म्हातारा होतो आणि गरजेच्या रात्री दगा देतो.

बांधाच्या कडेने वेड्या बाभळीचे काटे ज्यांना रोजचे आहेत, किंवा खडी आणि मुरमाची वाट ज्यांची दोन-चार किलोमीटरची आहे, त्यांनी ए.टी. घ्यायला हरकत नाही. त्याची बाजू बहुधा जाड असते आणि डांबरावर तो एम.टी.इतका बिघडत नाही. अकोले तालुक्यातल्या डोंगरवस्तीवरच्या माणसाला मी तोच सांगेन. नागापूरच्या त्या घराला मात्र रस्त्याचाच टायर, मूळ मापाचा, हे पटले. चिरंजीव थोडे हिरमुसले.

अडकण्याचे काय, हा त्यांचा प्रश्न होताच. त्यावर तोड निघाली. काळ्या मातीत शिरण्यापूर्वी हवा वीस पौंडांपर्यंत उतरवायची, म्हणजे टायर पसरतो आणि रुततो कमी. मग लिव्हर टाकायचा, सावकाश एका गतीने जायचे, चाक जागेवर फिरवायचे नाही. डांबराला परत लागण्यापूर्वी हवा पूर्ववत भरायची, त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा पंप गाडीतच ठेवायचा. सोबत एक फळी, फावडे आणि जाड दोर. हे सगळे सामान मिळून त्या रुंद टायरांच्या एका जोडीच्या किमतीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडले. उरलेल्या पैशांत अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग झाले आणि स्टेपनीचाही टायर नवा आला. श्रावणात वस्तीवर गाडी एकदा अडकली, ती चिरंजीवांनीच फळी लावून काढली.