बंगल्याचे मूळ आणि डोंगरमाथ्यावरील निवास : कृषी पर्यटनासाठी एक धडा

‘बंगला’ हा शब्द आज संपन्नतेचे लक्षण मानला जातो. परंतु त्याचे मूळ बंगालच्या शेतकऱ्याच्या बांबू, माती व गवताच्या झोपडीत आहे. कोलकाता व गंगेच्या मुखाकडील प्रदेशात मुसळधार पाऊस, दमट हवा आणि दगडाची टंचाई असते. तेथील कारागिराने उंच मातीचे जोते, कुडाच्या भिंती आणि बाकदार छप्पर अशी रचना सिद्ध केली. लवचीक बांबूमुळे आढे कमानीसारखे वाकते, वळचण खाली उतरते आणि पाणी भिंतीपासून दूर पडते. दोन पाख्यांच्या घरास ‘दोचाला’, चार पाख्यांच्या घरास ‘चारचाला’ म्हणतात. विष्णुपूर येथील 1655 मधील जोडबांगला मंदिरात हाच आकार विटांत उतरला आहे.

सह्याद्रीतील प्रवास

इ.स. 1690 मध्ये कोलकात्यात वसलेल्या इंग्रजांची आरंभीची घरेही माती व गवताचीच होती. पुढे त्यांनी या झोपडीस चहूबाजूंनी पडवी जोडली आणि हा ‘बंगला’ देशभरातील थंड हवेच्या ठिकाणी पोहोचला. माथेरान येथे 1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट आले व त्यांनी तेथे घर बांधले. त्यापूर्वीही ठाकर, कातकरी व धनगर समाजाला हा डोंगर परिचित होता. तेथील बंगल्यांत जांभा दगड आला, गवताची जागा कौलांनी घेतली. मात्र उंच जोते, रुंद पडवी आणि लांब वळचण कायम राहिली. महाबळेश्वरात पावसाळ्यापूर्वी भिंतींना गवताच्या झडी बांधण्याची रीतही याच विचारातील होय.

आजची अडचण

राज्याचे कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये मंजूर झाल्यानंतर अनेक शेतकरी शेतावर निवासखोल्या उभारत आहेत. पत्र्याच्या खोल्या उन्हाळ्यात तापतात. काहीजण हौसेने बांबूचे निवास बांधतात. परंतु एक-दोन वर्षांत बांबूतून पिवळसर भुकटी गळू लागते आणि खर्च वाया जातो. दोष बांबूचा नसून तोडणीचा व प्रक्रियेचा असतो. बांबूतील पिष्टमय पदार्थ हे पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचे खाद्य आहे. बंगालमध्ये बांबू तळ्यात आणि कोकणात व्हाळाच्या पाण्यात बुडवून ठेवण्यामागे हे पदार्थ निघून जावेत, हाच हेतू आहे.

अवलंबावयाच्या बाबी

1. बेटातील तीन ते चार वर्षांचे पक्व बांबू निवडावेत. हिरवेगार, खोडपाने चिकटलेले बांबू कोवळे समजावेत.
2. कोंब फुटण्याच्या पावसाळी काळात तोड टाळावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य होय. जमिनीलगतच्या पहिल्या पेराच्या वर कापावे.
3. ताज्या बांबूच्या आतील गाठी लोखंडी सळईने आरपार भेदाव्यात. 100 लिटर पाण्यात 2 किलो बोरिक अ‍ॅसिड व 3 किलो बोरॅक्स विरघळवून त्यात बांबू सुमारे दोन आठवडे पूर्ण बुडवावेत व नंतर सावलीत वाळवावेत. काम करताना हातमोजे वापरावेत. उरलेले द्रावण ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये.
4. हे क्षार पावसाने धुऊन जातात. म्हणून खांब जमिनीत न पुरता जांभ्याच्या अथवा दगडी बैठकीवर उभे करावेत आणि वळचण पुरेशी लांब ठेवावी.

सिंधुदुर्गातील माणगा बांबू जवळजवळ भरीव असल्याने खांब व वाशांसाठी उपयुक्त ठरतो. सन 2017 च्या कायदादुरुस्तीने वनेतर क्षेत्रातील बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेल्याने स्वतःच्या बांधावरील बांबूची तोड व वाहतूकही सुकर झाली आहे.

विस्तार कार्यकर्त्यांनी निवासाचा आराखडा तपासताना प्रथम बांबूचे वय, तोडीचा महिना आणि खांबाची बैठक या तीन गोष्टी पाहाव्यात. बुरूड व सुतार कारागिरांना आराखड्याच्या टप्प्यापासूनच सोबत घ्यावे. शेतकऱ्याच्या झोपडीतून निघालेला बंगला असा पुन्हा शेतकऱ्याच्याच उत्पन्नाचे साधन ठरू शकेल.