लिंबाचे फूल

गुजरातेत वाण्याकडे ‘लिंबूनां फूल’ मागितले, तर तो साखरेसारखे पांढरेशुभ्र स्फटिक पुडीत बांधून देतो. हिंदी भाषक प्रदेशात याच पदार्थाला सर्रास ‘टाटरी’ म्हणतात. वास्तविक टाटरी हे नाव टार्टरिक आम्लावरून आलेले असून ते चिंचेतील व द्राक्षांतील आम्ल होय. परंतु बाजारात दोघांची गल्लत कधीचीच होऊन गेलेली आहे. रसायनशास्त्रात लिंबाच्या या फुलाला सायट्रिक आम्ल असे नाव आहे. नावात लिंबू असले, तरी पुडीतील स्फटिक आज लिंबापासून बनत नाहीत, आणि लिंबाचा एक मोठा गुण त्यांच्या अंगी मुळीच नसतो. पहिली गोष्ट निरुपद्रवी आहे. दुसरीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे मात्र माणसे दगावली आहेत.

हे आम्ल लिंबाच्या रसातून प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे केले ते स्वीडनमधील रसायनज्ञ कार्ल विल्हेल्म शेले याने, १७८४ साली. त्याने रसात खडूची भुकटी मिसळली. तेव्हा आम्लाचा चुन्याशी संयोग होऊन पांढरा साका तळाशी बसला. त्या साक्यावर गंधकाम्लाची क्रिया केल्यावर चुना गंधकाम्लाकडे गेला व मोकळे झालेले आम्ल पाण्यात उतरले. ते पाणी आटवताच स्फटिक मिळाले. पुढे शंभराहून अधिक वर्षे कारखान्यांतून हीच रीत चालली. लिंबाच्या रसात हे आम्ल लिटरला सुमारे पन्नास ग्रॅम असते, म्हणजे एक किलो आम्लासाठी वीसेक लिटर रस हवा. साहजिकच, जेथे लिंबांच्या बागा अमाप, त्या इटलीच्या हाती हा व्यापार एकवटला होता.

ही मक्तेदारी मोडली ती एका बुरशीने. साखरेवर वाढणाऱ्या काही बुरशी सायट्रिक आम्ल तयार करतात, हे कार्ल वेमर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९३ मध्ये दाखविले होते. १९१७ मध्ये जेम्स करी या अमेरिकन रसायनज्ञाला असे आढळले की ‘ॲस्परजिलस नायजर’ ही काळी बुरशी योग्य परिस्थितीत ठेवल्यास या कामी फारच तरबेज ठरते. साठवणीतल्या कांद्याच्या सालींवर काजळीसारखी पूड धरते, ती बहुधा हीच. त्यातच पहिल्या महायुद्धामुळे इटलीहून येणारा माल अडला, आणि १९१९ मध्ये फायझर कंपनीने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात साखरेपासून हे आम्ल बनविण्यास प्रारंभ केला. आज जगात दरवर्षी वीस लाख टनांहून अधिक सायट्रिक आम्ल तयार होते, ते जवळजवळ सर्व बुरशीच्या साहाय्याने. कच्चा माल म्हणून साखर कारखान्यांतील मळी किंवा मक्याच्या पिठापासून काढलेली शर्करा वापरली जाते. बुरशीच्या द्रावातून आम्ल वेगळे करताना अनेक ठिकाणी शेलेचाच चुना व गंधकाम्ल अजून उपयोगी पडतात.

बुरशीचे आम्ल आणि लिंबाचे आम्ल यांत भेद कोणता? काहीच नाही. दोहोंचा रेणू एकच. किंबहुना तो आपल्या शरीरालाही परका नाही. अन्नापासून ऊर्जा मिळविताना पेशींत ज्या रासायनिक क्रियांचे चक्र फिरते, त्यातील एक टप्पा सायट्रिक आम्लाचा असतो. हान्स क्रेब्स याने १९३७ मध्ये हे चक्र उलगडले. त्याच्या नावाने पुढे एक विचित्र अनर्थ घडविला. १९७६ च्या सुमारास फ्रान्समध्ये एक निनावी पत्रक हातोहात फिरू लागले. त्यात खाद्यपदार्थांतील ३३० क्रमांकाचे द्रव्य, म्हणजे सायट्रिक आम्ल, कर्करोगकारकांत सर्वांत घातक ठरविलेले होते. ज्या कर्करोग रुग्णालयाचा आधार त्यात दिला होता, त्याने पत्रकाशी आपला संबंध नसल्याचे सांगूनही ते वर्षानुवर्षे फिरतच राहिले. जर्मन भाषेत ‘क्रेब्स’ म्हणजे कर्करोग. त्यावरूनच हा गोंधळ उद्भवला असावा, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

स्वयंपाकघरात या आम्लाची ओळख आंबटपणामुळे असली, तरी चव हे त्याचे एकच काम नव्हे. तापलेल्या दुधात त्याचे पातळ द्रावण सोडले की दुधातील केसीन हे प्रथिन एकत्र येऊन पनीर किंवा छेना वेगळा होतो. साखरेच्या पाकात लिंबू पिळतात, ते आम्लामुळे साखरेच्या काही भागाचे ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत विघटन होऊन पाक दाणेदार होऊ नये म्हणून. झटपट ढोकळ्याच्या पिठात खाण्याच्या सोड्याशी या आम्लाचा संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड वायू निघतो व पीठ फुगते. हीच दोन द्रव्ये कोरडी असताना डब्यात शेजारी शेजारी स्वस्थ राहतात, म्हणून पाण्यात टाकताच फसफसणारी चूर्णे बनविता येतात. चिरलेल्या सफरचंदाचे काळे पडणेही या आम्लाने लांबते. लोह व तांबे यांचे कण ते स्वतःशी बांधून घेते, आणि तेल खवट होणे वा फळे काळवंडणे यांस या धातूंचाच मोठा हातभार असतो.

टिकाऊ पदार्थांच्या बाबतीत तर प्रश्न चवीचा नसून जिवाचा असतो. हवाबंद बरणीत बॉट्युलिझम या विषबाधेचे जंतू वाढू शकतात. द्रावाची आम्लता ज्याने मोजतात तो सामू ४.६ किंवा त्याहून कमी असेल, तर त्यांची वाढ होत नाही. (सामू जितका कमी, तितकी आम्लता अधिक.) टोमॅटो आंबट लागत असला, तरी त्याच्या कित्येक जातींचा सामू या रेषेच्या आसपास, कधी वरही असतो. म्हणून घरी टोमॅटो हवाबंद करताना लिटरभराच्या बरणीस अर्धा चमचा सायट्रिक आम्ल घालण्याची शिफारस केली जाते. येथे जिभेवर विसंबून चालत नाही, कारण साखर घातली की आंबटपणा लपतो. सामू मात्र होता तेथेच राहतो.

जिभेवर विसंबण्याची याहून मोठी किंमत खलाशांनी मोजली. लांबच्या सफरींत हिरड्या सुजून रक्त येणे, जुन्या जखमा उकलणे आणि अखेर मृत्यू, असा स्कर्व्हीचा क्रम असे. आंबट पदार्थांनी हा रोग हटतो, असा वैद्यांचा समज होता. १७४७ मध्ये ‘सॉल्झबरी’ जहाजावर जेम्स लिंड याने बारा रुग्णांच्या सहा जोड्या करून प्रत्येकीस वेगळा उपचार दिला. शिरका आणि पातळ गंधकाम्ल हे दोन्ही आंबटच, पण त्यांनी गुण आला नाही. संत्री व लिंबे खाणारे दोघे मात्र सहा दिवसांत जवळजवळ बरे झाले. गुण आंबटपणाचा नव्हे, हे त्याच वेळी उमगावयास हवे होते. ते उमगले नाही. ब्रिटिश नौदलाने १७९५ पासून लिंबाचा रस देऊन स्कर्व्हीला आटोक्यात आणले. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्याऐवजी वेस्ट इंडीजमधील लहान, हिरव्या जातीच्या लिंबांचा रस आणला. तो तितकाच आंबट होता, मग उणीव कोणास जाणवणार? १८७५ मध्ये उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या ब्रिटिश मोहिमेत हा रस बरोबर असूनही स्कर्व्हीने कहर केला. रोग हटविणारे द्रव्य, म्हणजे क जीवनसत्त्व, हे सायट्रिक आम्लाहून अगदी निराळे आहे, याची निश्चिती १९३२ मध्ये झाली. हिरव्या लिंबांत ते मुळातच कमी होते, आणि रस साठविताना उरलेलेही बरेच नष्ट होत असे.

सायट्रिक आम्ल वर्षानुवर्षे टिकते. क जीवनसत्त्व उष्णता, हवा व तांब्याचा स्पर्श यांनी झपाट्याने नाश पावते. त्यामुळे जुने सरबत जिभेला ताज्यासारखेच लागते. आज बाटलीवरील चिठ्ठीत घटकद्रव्यांचे क्रमांक छापलेले असतात. तेथे ३३० हा आकडा आंबटपणाचा. बाहेरून क जीवनसत्त्व घातलेले असेल तर त्याचा आकडा ३०० असतो.