तालिकेत नसलेला परधान

दरवर्षी १२ ऑगस्टला, ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या जयंतीला, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या ग्रंथालयांत टेबलं बाहेर येतात. त्यांवर पांढऱ्या चादरी, चादरींवर पुस्तकं, प्रत्येक पुस्तकापुढे घडी घालून उभी केलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला तेच, २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला तेच. दीपप्रज्वलन होतं, उत्कृष्ट वाचकाला शाल-श्रीफळ मिळतं, निबंधाची बक्षिसं वाटली जातात. मला हे कार्यक्रम मनापासून आवडतात. कुलुपातली पुस्तकं त्या दिवशी हाताला लागतात, आणि ज्या मुलाला एरवी देवघेवीच्या खिडकीतून दिसतं तेवढंच ग्रंथालय माहीत असतं, तो पहिल्यांदा आतल्या कपाटापर्यंत पोचतो.

अशाच एका प्रदर्शनात, एका महाविद्यालयात, ‘आपला प्रदेश’ या टेबलाशी एक मुलगा बराच वेळ वाकून उभा होता. टेबलावर १९०९ चं चांदा जिल्ह्याचं गॅझेटियर होतं, मेजर ल्युसी स्मिथच्या १८६९ च्या जमाबंदी अहवालाची झेरॉक्स होती, आणि त्यांच्या मध्ये स्पायरल बाइंडिंग केलेली आणखी एक झेरॉक्स. तो तीच वाचत होता. ओठ हलत होते. पान रोमन लिपीत होतं, भाषा गोंडी होती. मुलगा जिवती तालुक्यातला. मला म्हणाला, “सर, हे आमचं आहे. आम्ही थोडं वेगळं बोलतो, पण कळून राह्यलं.” मग त्यानं चिठ्ठी पाहिली. तिच्यावर लिहिलं होतं : लेखक, स्टीफन हिस्लॉप. त्यानं विचारलं, “पण हे सांगितलं कोणी?”

हिस्लॉपच्या या पुस्तकाचा नाद मला त्याच्याआधीपासून होता. ऐन तिशीत एका ग्रंथालयाच्या तालिकेत मला त्याचं कार्ड सापडलं होतं. पुस्तक मात्र जागेवर नव्हतं, ते कधी गेलं हे सांगणारंही कोणी नव्हतं. पुढे दुसरीकडे प्रत मिळाली, झेरॉक्स झाली, पानं समासातल्या खुणांनी भरली. इतक्या वर्षांत मी गाण्यातली गावं शोधली, नद्या शोधल्या, देवांची नावं ताडून पाहिली. त्या मुलाचा प्रश्न मात्र मला कधी पडला नव्हता.

पुस्तकाची हकिगत थोडक्यात अशी. हिस्लॉप स्कॉटलंडचा मिशनरी. १८४५ साली नागपूरला आला, १८४६ मध्ये त्यानं शाळा काढली, आणि नागपूरचं हिस्लॉप कॉलेज पुढे त्याच्याच नावानं उभं राहिलं. धर्मप्रसाराइतकाच त्याचा जीव दगडांत, जीवाश्मांत आणि भाषांत होता. गोंडांविषयी तो वर्षानुवर्षं टिपणं काढत होता. ४ सप्टेंबर १८६३ रोजी मध्य प्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेम्पल याच्याबरोबर तो टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहायला गेला. टेम्पल पुढे निघून गेला. हिस्लॉप गावातली शाळा तपासायला मागे राहिला आणि परतताना, अंधार पडता पडता, पावसानं फुगलेल्या ओढ्यात घोड्यावरून जाताना बुडाला. सेहेचाळिसाव्या वाढदिवसाला चार दिवस उरले होते. त्याची टिपणं टेम्पलनं गोळा केली, नीट लावली आणि १८६६ मध्ये मध्य प्रांतातल्या आदिम जमातींविषयीचे कागद म्हणून छापली. टेम्पलविषयी माझं मत फारसं चांगलं नाही, पण हे काम त्यानं केलं नसतं तर ते कागद वाळवीच्या तोंडी गेले असते.

या कागदांच्या शेवटी लिंगोचं, गोंडांच्या आद्य गुरूचं, गाणं आहे. गोंडी शब्द रोमन लिपीत, शब्दाला शब्द इंग्रजी अर्थ. गोंडांचा जन्म, काचीकोपा लोहागडच्या गुहेत महादेवानं केलेली त्यांची कोंडी, लिंगोनं केलेली सुटका, मग गोत्रं, देव, लग्नाचे नियम. कथा आपल्याकडे बहुतेकांना माहीत आहे, तिच्यात शिरत नाही. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की हे गाणं हिस्लॉपनं रचलेलं नाही. नागपूरच्या एका परधान पुजाऱ्यानं ते सांगितलं आणि ते उतरवून घेतलं गेलं. त्या परधानाचं नाव पुस्तकात नाही.

परधान म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. तरी बाहेरच्या वाचकासाठी : गोंडांच्या घराण्यांची वंशावळ, देवकथा आणि मरणानंतरचं गाणं ज्यांच्या तोंडी असतं ते हे लोक. हातात तीन तारांची किंगरी. प्रत्येक परधानाची ठरलेली गोंड घरं असतात, त्या घरांनी त्याला धान्य, कापड, गाय-बैल द्यायचा आणि त्यानं त्या घराचं मूळ गाऊन सांगायचं. ग्रंथालय जे काम कपाटात करतं ते परधान गळ्यात करतो. एक परधान गेला की त्याच्याबरोबर काय गेलं याची नोंदवहीसुद्धा मागे राहत नाही.

हे गाणं पुढे कुठे कुठे गेलं ते पाहताना मी एका ठिकाणी थबकलो. जेम्स फोर्सिथ हा सैन्यातून जंगलखात्यात आलेला अधिकारी. त्यानं लिंगोची कथा लाँगफेलोच्या ‘हायावाथा’च्या चालीवर इंग्रजी पद्यात घातली आणि सातपुड्याच्या प्रदेशावरच्या आपल्या पुस्तकात दिली. ते पुस्तक १८७१ मध्ये निघालं. फोर्सिथ त्याच वर्षी, पुस्तक हातात येण्याआधी, वयाच्या तेहेतिशीच्या आसपास वारला. मग रसेल आणि रायबहादूर हिरालाल. त्यांचे मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे चार खंड १९१६ चे. त्यांतही हीच कथा हिस्लॉपवरून घेतली आहे. रसेल ३० डिसेंबर १९१५ रोजी ‘पर्शिया’ या बोटीवर होता. भूमध्य समुद्रात जर्मन पाणबुडीनं ती बुडवली. हिस्लॉप ओढ्यात, रसेल समुद्रात, आणि मधला फोर्सिथ आजारपणात. लिंगोची कथा छापणारे तिघेही आपलं पुस्तक न पाहता गेले. यात मी काही शकुन-अपशकुन शोधत नाही. पण तिघांचीही नावं, जन्ममृत्यू, हुद्दे मला एका दुपारीत सापडले. ज्याच्या गळ्यातून कथा आली त्याच्याविषयी त्याच दुपारी मिळाले ते दोनच शब्द, परधान आणि नागपूर.

त्या काळात नाव का लिहिलं गेलं नाही, याचं उत्तर मला प्रदर्शनांच्याच इतिहासात मिळालं. १८६५ च्या सुमारास कलकत्त्यात जोसेफ फेरर या डॉक्टरनं एशियाटिक सोसायटीपुढे एक योजना मांडली. देशोदेशीच्या जमातींची माणसं आणून त्यांना प्रदर्शनातल्या कप्प्यांत बसवायचं, विद्वानांनी ती पाहायची, मोजायची, त्यांची छायाचित्रं घ्यायची. सरकारनं आधी मान डोलावली. पुढे अडचणी निघाल्या. आसामकडच्या अधिकाऱ्यांना भीती वाटली की डोंगरातली माणसं वाटेत आजारी पडून मेली तर सरकारला ते महागात पडेल. कलकत्त्याचा बेत बारगळला. आपल्याकडे मात्र तो छोट्या प्रमाणात पार पडला. डिसेंबर १८६५ मध्ये नागपूरला कलाकौशल्याचं आणि शेतमालाचं मोठं प्रदर्शन झालं, आणि १८६६-६७ च्या जबलपूर प्रदर्शनात आदिवासी माणसंच आणून उभी केली गेली. त्यांची पाहणी करायला एक समिती होती. तिचा अहवाल १८६८ मध्ये नागपुरात छापला गेला. त्याच्या शीर्षकातच या माणसांना ‘नमुने’ म्हटलेलं आहे. गव्हाचा नमुना, कापसाचा नमुना, तसा गोंडाचा नमुना. नमुन्याचं नाव कोणी विचारत नाही, तो कुठला एवढंच लिहितात. हिस्लॉपचं पुस्तक आणि हे प्रदर्शन यांत वर्षाचंही अंतर नाही.

हिस्लॉप स्वतः असा माणूस नव्हता, असं त्याची पानं वाचून मला वाटतं. त्याला ऐकायची आस होती. पण ऐकणाऱ्याचं नाव मुखपृष्ठावर आणि सांगणाऱ्याचं कुठेच नाही, ही पद्धत त्याच्याही हातून मोडली नाही.

या गाण्यावर वादही आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. रसेल-हिरालालांनाच या कथेवर हिंदू पुराणांची छाया दिसली होती. नागपूरचे डॉ. मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) त्याच्या फार पुढे गेले. रिझर्व्ह बँकेत नोकरी करता करता या माणसानं गोंडी भाषा, कोया पुनेम म्हणजे गोंडांचा धर्म आणि लिंगो यांवर आयुष्य घातलं. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहा म्हणजेच गाण्यातली ती कोंडीची जागा, ही ओळख आणि माघ पौर्णिमेची तिथली जत्रा मोठी होण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. परंपरेचं मूळ रूप वेगळं होतं, महादेव-पार्वतीचा पुराणातला साज त्यावर नंतर चढला, ही त्यांची भूमिका. मला त्यांचे सगळे निष्कर्ष पटत नाहीत; शब्दांच्या व्युत्पत्ती लावताना ते कधी कधी फार लांब उडी घेतात. पण त्यांचा मूळ आक्षेप खरा आहे. हे गाणं एका माणसानं, एका शहरात, एका मिशनरीच्या माणसांसमोर सांगितलेलं आहे. तो परधान नागपुरात कधीपासून होता, त्याचे गोंड कोणते, तो कुणाच्या घरी गायचा, हे कळलं असतं तर साज कुठला आणि अंग कुठलं हे ओळखता आलं असतं. नाव न लिहिल्यानं मान तर गेलाच, पुरावाही गेला.

नाव लिहिणारेही पुढे झाले, आणि त्यांत दोन मराठी माणसं आहेत याचा मला अभिमान वाटतो. पहिले श्यामराव हिवाळे. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विनचे सोबती, एवढीच त्यांची ओळख राहिली. १९३२ मध्ये दोघं पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला गेले. गोंडांची गाणी दोघांनी मिळून जमवली आणि छापली. पण परधानांवरचं पुस्तक श्यामरावांचं एकट्याचं आहे, १९४६ चं, नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधानांविषयीचं. परधान हा गोंडांच्या पुस्तकातला एक परिच्छेद नसून स्वतंत्र पुस्तकाचा विषय आहे, हे त्यांनी दाखवलं. एल्विन पुढे ईशान्येकडे गेले. त्यांच्या आत्मचरित्राला १९६५ मध्ये मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. श्यामराव मंडल्यातल्याच पाटणगडला राहिले. त्याच पाटणगडचे जनगढ सिंह श्याम, जात परधान. भोपाळच्या भारत भवनासाठी फिरणाऱ्या जगदीश स्वामीनाथनांच्या चमूला ते भेटले आणि किंगरीवरचे देव भिंतीवर, कागदावर उतरले. गावोगावच्या कलादालनांत आज ‘गोंड चित्रकला’ म्हणून जे टांगलेलं असतं ते बरंचसं परधानांचं आहे. जनगढ २००१ मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयात राहून काम करत असताना तिथेच वारले. त्यांच्या चित्रावर मात्र त्यांची सही आहे.

दुसरे सेतुमाधवराव पगडी. शिवकालाचे अभ्यासक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो, पद्मभूषणही त्याच ओळखीचं. पण निजामाच्या राज्यात अधिकारी असताना ते आदिलाबादच्या गोंडांत रमले होते. जिवती-राजुऱ्याच्या डोंगरापलीकडचाच हा मुलूख. तिथे मानववंशशास्त्रज्ञ फ्युरर-हायमेनडॉर्फनी मारलावाईला १९४३ मध्ये गोंड शिक्षकांचं प्रशिक्षण केंद्र सुरू केलं, आणि गोंडीची वाचनपुस्तकं निघाली ती देवनागरीत. पगडींनी गोंडी शिकून तिचं व्याकरण लिहिलं, १९४९ मध्ये आदिलाबादच्या गोंडांवर पुस्तक लिहिलं. त्यांचं आत्मचरित्र ‘जीवनसेतू’ वाचलेले पुष्कळ भेटतात, हे पुस्तक पाहिलेले फार थोडे.

आदिलाबादलाच गुंजाला गावात गोंडीची जुनी हस्तलिखितं निघाली. हैदराबाद विद्यापीठाच्या अभ्यासकांनी त्यांतली लिपी उलगडली आणि २०१८ मध्ये तिला युनिकोडमध्ये जागा मिळाली. एखादं विद्यापीठ काय करू शकतं याचं हे जवळचं उदाहरण.

आपल्या दोन जिल्ह्यांना स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते २०११ मध्ये, गडचिरोलीला, गोंडवाना या नावानं. तोवर आपण नागपूर विद्यापीठाचं दूरचं टोक होतो. ५ जुलै २०२३ रोजी त्याच्या दहाव्या दीक्षान्त समारंभाला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू आल्या. जबलपूरच्या प्रदर्शनानंतर दीडशेवर वर्षांनी, गोंडांच्या नावाच्या विद्यापीठात, एक संथाळ बाई व्यासपीठाच्या मध्यभागी बसून पदव्या देत होती. तो फोटो मी कापून ठेवला आहे.

म्हणूनच अशा विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडून माझी अपेक्षा थोडी जास्त आहे. पुरस्कार आपल्याकडे आहेत. राज्य शासन बाबासाहेबांच्या नावानं उत्कृष्ट ग्रंथालयाला आणि रंगनाथनांच्या नावानं ग्रंथमित्राला गौरवतं, आणि ते योग्यच आहे. त्यांच्या रांगेत सांगणाऱ्याचा एक पुरस्कार असावा, परधानाचा, गावातल्या पेरमाचा म्हणजे पुजाऱ्याचा, माडिया आजीचा. त्याच्याहीआधी, बिनखर्चाचं एक काम तालिकेत करता येईल. हिस्लॉपच्या नोंदीत कर्ता हिस्लॉप, संपादक टेम्पल असं असतं. खाली आणखी एक ओळ टाकावी : गायक, परधान, नागपूर, नाव अज्ञात. म्हणजे ‘परधान’ शोधणाऱ्या विद्यार्थ्याला ते पुस्तक सापडेल. ‘अज्ञात’ लिहिणं ही नोंदच आहे; काहीच न लिहिणं म्हणजे माणूस नव्हताच असं म्हणणं.

कंगाली सांगतात त्या कथेत गुहेचा दगड शस्त्रानं हलत नाही. हिरासुका पाटालीर नावाचा वादक बाहेर बसून किंगरी वाजवतो, आतल्या मुलांच्या अंगात ते सूर बळ भरतात, ती आतून रेटा देतात. दगड घरंगळतो आणि वादक त्याखाली सापडून मरतो. कथेतल्या वादकाला नाव आहे.

जिवतीचा तो मुलगा मला नंतर दोनदा भेटला. त्याच्या घरी अजून परधान येतो, म्हातारा आहे, एका डोळ्यानं दिसत नाही, किंगरी मात्र स्वतःच बांधतो. त्याच्याकडून मुलगा आता मोबाइलवर गाणी भरून घेतोय आणि रात्री ती देवनागरीत वहीत उतरवतोय. वही त्यानं मला दाखवली. पहिल्या पानावर, गाणं सुरू होण्याआधी, म्हाताऱ्याचं पूर्ण नाव आहे, त्याच्या बापाचं नाव आहे, गाव आहे, आणि तो ज्यांच्यासाठी गातो त्या घरांची कुळं आहेत. ते नाव मी इथे छापलेलं नाही. म्हाताऱ्याला अजून विचारलेलं नाही. पौषात मुलगा घरी जाईल तेव्हा विचारून येणार आहे.