एक पट, लाख हात

२०२५ चा एप्रिल महिना. नातू मोबाइल नाचवत आला, ‘‘आजोबा, मी कार्लसनशी खेळतोय!’’ मी चष्मा शोधू लागलो. एका बाजूला मॅग्नस कार्लसन, दुसऱ्या बाजूला जगभरातले १ लाख ४३ हजारांहून अधिक खेळाडू. प्रत्येक चालीला २४ तास. ज्या चालीला सर्वाधिक मते, तीच जगाची चाल. पुढे मे महिन्यात हा डाव बरोबरीत सुटला.

१९९९ मध्ये कास्पारोव्हविरुद्ध जग असेच खेळले होते. तेव्हा चार तरुण खेळाडू चाली सुचवीत, त्यामागची कारणे सांगत; मग लोक मत देत. दहाव्या चालीला पंधरा वर्षांच्या इरिना क्रशने वजिराची अनपेक्षित खेळी सुचवली. लोकांना ती पटली आणि डाव कमालीचा रंगला. ६२ चालींनंतर कास्पारोव्ह जिंकला खरा, पण सहजासहजी नव्हे.

मला मात्र आमची कर्जसमिती आठवली. एका छोट्या दुकानदाराचा अर्ज होता. नकारासाठी चार हात वर गेले, पाचवा माझा. फाईल मी उघडलीसुद्धा नव्हती. त्या माणसाचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

नातवाला विचारले, ‘‘हीच चाल का रे?’’

‘‘सगळे तीच देताहेत!’’

मी कपाटातला जुना पट काढला, सोंगट्या मांडल्या. म्हटले, ‘‘आधी का ते मला सांग. मग खुशाल बोट लाव.’’