खेचरांच्या वाटेवरची शर्यत

जेएफके फिफ्टी माइल ही अमेरिकेतील सर्वांत जुनी अल्ट्रामॅरेथॉन मानली जाते. मेरिलँड राज्यातील बून्सबरो गावात सुरू होऊन ती विल्यम्सपोर्टला संपते. अंतर ५० मैलांहून किंचित जास्त, म्हणजे सुमारे ८० किलोमीटर. सुरुवातीचे साडेपंधरा मैल बहुतांशी डोंगरात जातात, शेवटचे ८.४ मैल डांबरी रस्त्यावर. या दोहोंच्या मधले २६.३ मैल पोटोमॅक नदीच्या काठाने, चेसापीक अँड ओहायो कालव्याच्या जुन्या वाटेवर धावायचे असतात. शर्यतीचा स्वभाव ठरतो तो या मधल्या टप्प्यावर. ही वाट मुळात माणसांसाठी नव्हती. नावा ओढणाऱ्या खेचरांसाठी होती.

कालव्याचे काम ४ जुलै १८२८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्या हस्ते सुरू झाले. नेमक्या त्याच दिवशी बाल्टिमोरमध्ये बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचा पायाभरणी समारंभ झाला. दोघांनाही ॲपलाचियन पर्वतापलीकडचा व्यापार हवा होता आणि दोघांनाही त्यासाठी पोटोमॅकचेच खोरे हवे होते. पॉइंट ऑफ रॉक्सपाशी डोंगर नदीला इतका भिडतो की अरुंद पट्टीवर पहिला हक्क कोणाचा, हे कोर्टाला ठरवावे लागले. १८३२ मध्ये कालवा कंपनी जिंकली. तो विजय फारसा कामी आला नाही. रेल्वे १८४२ मध्ये कंबरलंडला पोहोचली, कालवा १८५० मध्ये, आणि पुढे ओहायो नदीपर्यंत जायचा बेत तिथेच सोडून देण्यात आला.

तरी जे उभे राहिले ते लहान नव्हते. लांबी १८४.५ मैल, ७४ लॉक आणि उपनद्या ओलांडणारे ११ जलसेतू. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद. नाव आत घेऊन दरवाजे लावायचे, पाणी भरले की नाव वर चढते, सोडले की खाली उतरते. जॉर्जटाउन ते कंबरलंड हा ६०५ फुटांचा चढ असा सरासरी आठ-आठ फुटांनी चढायचा असे. खेचरे बारा फूट रुंदीच्या वाटेवरून, लांब दोराने, माणसाच्या चालीइतक्या वेगाने नाव ओढत. मुख्य माल कंबरलंडचा कोळसा, आणि एका नावेत तो शंभर टनांहून अधिक मावत असे.

१८८९ च्या पुराने कंपनीचे दिवाळे काढले आणि रोखेधारक या नात्याने कालवा जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या, म्हणजे रेल्वेच्याच ताब्यात गेला. १९२४ च्या पुरानंतर वाहतूक कायमची थांबली. १९३८ मध्ये केंद्र सरकारने ही मालमत्ता २० लाख डॉलरना विकत घेतली. पुढे तिच्यावर मोटार रस्ता बांधायचे ठरत होते. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी १९५४ च्या मार्चमध्ये, रस्त्याची बाजू घेणाऱ्या वॉशिंग्टन पोस्टच्या संपादकांना बरोबर घेऊन, कंबरलंडहून वॉशिंग्टनपर्यंत पायपीट केली. सुरुवातीला बरेच जण होते, अखेरपर्यंत नऊच चालले. पण रस्ता झाला नाही. १९७१ मध्ये कालव्याला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला. कालवा यशस्वी झाला असता तर तो रुंद करून, काँक्रीट ओतून आधुनिक केला गेला असता. अपयशामुळेच तो जसाच्या तसा उरला, असे म्हणायला हरकत नाही.

शर्यतीचा उगम वेगळाच आहे. सैनिकी अधिकाऱ्यांनी तीन दिवसांत, एकूण वीस तासांत ५० मैल चालून दाखवावे, असा थिओडोर रूझवेल्ट यांचा १९०८ चा आदेश राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडींच्या हाती लागला. आजचे मरीन हे करू शकतील का, असे त्यांनी विचारले आणि सैन्याआधी सामान्य लोकांनाच त्याचे वेड लागले. ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी १९६३ च्या फेब्रुवारीत बर्फ-चिखलातून, साध्या चामडी बुटांवर ५० मैल चालून गेले. त्याच वसंतात बझ सॉयर यांनी वॉशिंग्टन काउंटीत आपल्या क्लबची पदयात्रा भरवली. निघाले ११, पोहोचले ४. नोव्हेंबरात केनेडींची हत्या झाल्यावर देशभरातील असे उपक्रम बंद पडत गेले. हा मात्र त्यांच्या नावाने टिकला आणि हळूहळू पदयात्रेची शर्यत झाली. आता ती नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी होते आणि लष्करी संघांची स्पर्धा तिच्यात अजूनही चालते.

डोंगरातली खडकाळ ॲपलाचियन वाट तीव्र वळणांनी वेव्हर्टनला उतरते. कॅस्पर वेव्हर यांनी इथे पाणचक्क्यांवर चालणारे कारखान्यांचे गाव वसवायचे योजले होते. ते काही बहरले नाही. इथून धावक नदीच्या प्रवाहाविरुद्ध निघतात. पलीकडच्या तीरावर हार्पर्स फेरी दिसते. जॉन ब्राउन यांनी १८५९ मध्ये जिच्यावर छापा घातला ती सरकारी शस्त्रशाळा तिथलीच, आणि तिच्यासाठी घातलेला बंधाराच पुढे कालव्यालाही पाणी पुरवू लागला. रेल्वे इथेच पुलावरून नदी ओलांडते. मालगाड्या आजही धावतात.

शर्यतीच्या सत्ताविसाव्या मैलाजवळ अँटिएटम ओढ्यावरचा तीन कमानींचा चुनखडी जलसेतू येतो. १८६२ ची भीषण लढाई याच ओढ्याकाठी, शार्प्सबर्गपाशी झाली. कालव्याचे पात्र या पट्ट्यात बहुतेक कोरडे आहे आणि तळात मोठाली झाडे उभी आहेत. धरण क्रमांक ४ पाशी हा टप्पा संपतो. पलीकडच्या काठावर १९०९ चे जलविद्युत केंद्र आहे.

नकाशावर हा भाग सर्वांत सोपा वाटतो आणि नवखे इथेच फसतात. डोंगरात चढ-उताराबरोबर पायांचे काम बदलत राहते. इथे चार-पाच तास तेच स्नायू, तीच टाच, तेच पाऊल. चढ जाणवतो तो फक्त लॉकपाशी, आणि ते थोडे फूट चालत पार करणे शहाणपणाचे ठरते. पानगळीखाली मुळे आणि खडे दडलेले असतात. उलट वेगवान धावकांची कमाई इथलीच असते. हेडन हॉक्स यांनी २०२० मध्ये ५ तास १८ मिनिटे ४० सेकंदांचा विक्रम केला, तो या सपाटीमुळेच शक्य झाला.

आयोजकांनाही कालव्याची रचना पाळावी लागते. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला कोरडे पात्र किंवा कडा, त्यामुळे वाहन काठापर्यंत पोहोचेल अशा जागा मोजक्याच. पाणी-खाण्याची ठाणी तिथेच लागतात. अँटिएटम, स्नायडर्स लँडिंग, टेलर्स लँडिंग ही त्यांतली काही. राष्ट्रीय उद्यानाची परवानगी लागते. ठरावीक ठाण्यांवर वेळेची मर्यादा असते आणि ती चुकवणाऱ्याला तिथेच थांबवले जाते. धरणापाशी वाट सोडून चढून गेले की उरतात ते शेतांमधून वरखाली जाणाऱ्या रस्त्याचे मैल, विल्यम्सपोर्टपर्यंत.