मोजकी माणसे, नेमकी कामे

वस्तूंची रचना करणारा चमू कसा चालवावा, याचा उत्तम नमुना म्हणजे जर्मनीतील ब्राउन कंपनीचा डिझाइन विभाग. १९५५ साली अंतर्गत सजावटीसाठी रुजू झालेले वास्तुरचनाकार डीटर राम्स १९६१ ते १९९५ या काळात त्याचे प्रमुख होते.

विभाग छोटा, पण कामाची वाटणी स्पष्ट होती. गेर्ड आल्फ्रेड म्युलर आणि राइनहोल्ड वाइस यांच्याकडे प्रामुख्याने घरगुती उपकरणे असत, तर डीट्रिख लुब्स यांनी पुढे घड्याळांवर आपला ठसा उमटवला. कागदावरच्या चित्रावर विसंबून न राहता प्रतिकृती घडवून रचना पारखली जाई.

या पद्धतीत अडचणीतूनही वाट निघे. राम्स आणि हान्स गुगेलोट यांच्या १९५६ च्या ‘एसके ४’ या रेडिओ-रेकॉर्ड प्लेअरचे पत्र्याचे झाकण आवाज वाढवताच थरथरे. म्हणून पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचे झाकण बसवले गेले. तेच पुढे अशा यंत्रांचे सर्वमान्य रूप ठरले.

सत्तरच्या दशकात राम्स यांनी चांगल्या डिझाइनची तत्त्वे मांडायला सुरुवात केली. पुढे ती १० झाली. अशी लेखी कसोटी असली, की चमूतला वाद वैयक्तिक आवडीनिवडीवर न घसरता वस्तूच्या उपयोगाभोवती राहतो. ती कसोटी सांभाळणे आणि बाकी मोकळीक देणे, हेच प्रमुखाचे खरे काम.