थंडीचे दिवस मोजणारं रोपटं

फोडणीतला मोहरीचा एक दाणा बोटावर घ्या. शेजारी तिच्याच कुळातल्या ॲराबिडॉप्सिस थॅलियानाचं बी ठेवलं, तर धुळीचा कण समजून आपण ते झटकून टाकू. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर! रोप वीतभर, पांढरी फुलं इवलीशी, पण मोहरीसारख्याच चार पाकळ्या फुलीत मांडलेल्या. सोळाव्या शतकात जर्मनीतल्या हार्झ डोंगरात योहानेस ताल या वैद्याने त्याची नोंद केली. ‘थॅलियाना’ हे त्याचंच नाव.

युरोपात ते उगवतं रेताड उतारांवर, खडकांच्या खाचांत, रुळांकडेच्या खडीत. दाट गवतात त्याचा निभाव लागत नाही. अशी उघडी जमीन उन्हाळ्यात कोरडीठाक पडते, म्हणून पुष्कळ ठिकाणी हे रोप शरदातच रुजतं, पानांची चकती जमिनीला चिकटवून हिवाळा काढतं, वसंतात फुलतं आणि ऊन तापायच्या आत बी टाकून मोकळं होतं.

पण शरदातही चार रात्री गारठ्याच्या येतात आणि पुन्हा ऊब पडते. त्याला वसंत समजून फुललं, तर पुढचा बर्फ सगळं संपवील. मग खरा हिवाळा सरला, हे मेंदू नसलेल्या रोपाला कळतं कसं?

एफएलसी नावाचा एक जनुक फुलण्याला लगाम घालतो. थंडी लांबली की तो पेशीपेशीत बंद होऊ लागतो. एका पेशीत तो चालू तरी असतो नाहीतर बंद; अर्धवट काही नाही. जितके आठवडे थंडी, तितक्या अधिक पेशी बंद. म्हणजे हिवाळ्याची मोजणी चक्क पेशींच्या संख्येत! ऊब परतली तरी बंद झालेला जनुक बंदच राहतो, त्या पेशीच्या लेकी-नातींतही. नव्या बीमध्ये मात्र पाटी कोरी होते. इंग्लंडमधल्या नॉरिच इथे कॅरोलाइन डीन यांनी हे कोडं वर्षानुवर्षं उलगडलं.

गंमत पुढेच आहे. 2000 साली वनस्पतींमध्ये सर्वांत आधी याच रोपाचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तो ‘कोलंबिया’ या वाणाचा. प्रयोगशाळांचं हे लाडकं वाण बीपासून बीपर्यंत दीड-दोन महिन्यांत पोचतं, कारण एफएलसीला जोर देणारा ‘फ्रिजिडा’ जनुक त्यात मोडका आहे. त्याला हिवाळ्याची वाट पाहावीच लागत नाही. मग हिवाळ्याची आठवण अभ्यासायची कशी? त्यासाठी स्पेनमधल्या रोपांचा धडका फ्रिजिडा संकरातून त्याच्यात आणावा लागला.